डाव्या कानाचं टोक

१२ फेब्रुवारी २०१६

फोतिनी,

मी रोदांथी. तुझी आजी. तुझ्या बापाची आई, डोंगरात राहते, काळे कपडे घालते, अजून जिवंत आहे. एवढ्यावरून ओळख पटली तर पुढचं वाच, नाही तर पत्र शेजारणीला देऊन टाक.

मागच्या महिन्यात बसने तुझं खोकं आलं. वर रेशमी फीत, आत पातळ कागद, आणि त्या कागदात बदामाची मिठाई. बदामाची! मी बदाम खात नाही गं पोरी. तू चार वर्षांची होतीस तेव्हा सांगितलं, दहाची झालीस तेव्हा सांगितलं, तुला पदवी मिळाली त्या जेवणात सगळ्यांसमोर ताट सरकवून सांगितलं. औषधांची हजार नावं तोंडपाठ करून त्या दुकानात उभी राहतेस आणि आजीचं एक वाक्य डोक्यात राहत नाही. मिठाई पाद्रीणबाईंनी खाल्ली. हे पत्र त्याच लिहितायत, त्यामुळे नाही म्हणायची सोय नाही.

(दोनच खाल्ल्या. बाकीच्या पाद्रीबाबांनी. — एव्हान्थिया)

माझ्या चार बरण्या तुझ्याकडे आहेत. तेलाच्या दोन, ऑलिव्हची एक, मधाची एक. त्या बरण्यांनी इराक्लियो शहर पाहून घेतलं, आता त्यांना घरी पाठव.

नाताळला येते म्हणालीस. दवाखान्याशेजारचं दुकान, सुट्टीतही उघडं ठेवावं लागतं, समजलं. मग आजोबांच्या पुण्यतिथीला येते म्हणालीस. पुण्यतिथीला वाटतात त्या उकडलेल्या गव्हाची तुझी वाटी मी दोन दिवस झाकून ठेवली, तिसऱ्या दिवशी कोंबड्यांना घातली. त्यांनी तुझ्या आजोबांसाठी प्रार्थना केली असेल अशी आशा आहे.

फोन करत जाऊ नकोस. फोनवर तुझा आवाज मला ऑलिव्हच्या घाण्यासारखा ऐकू येतो. लिही. पाद्रीणबाई वाचून दाखवतात, आणि न आवडलेलं वाक्य मला दोनदा वाचायला लावता येतं.

बाकी ठीक. कोठीत उंदीर माजलेत. चीज कुरतडतात आणि मी दार उघडलं तर पळतही नाहीत, मान वर करून बघतात. या घरात माझ्याशिवाय हालचाल करणारं तेवढंच उरलंय. हे मी तुला का सांगते ते ओळख. शिकलेली आहेस.

आजी

*

१९ फेब्रुवारी

प्रिय आजी,

ओळखलं! तुला मांजर हवंय.

मी शनिवारी प्राण्यांच्या निवाऱ्यात मदतीला जाते, माहीत आहेच. तिथे एक कबरी आहे, पाच वर्षांची, शांत, वरचा एक सुळा नाही पण बाकीचे मजबूत. गुरुवारच्या बसने पाठवतेय. ड्रायव्हरला टोपली मांडीवर घ्यायला सांगितलंय, तो घेणार नाही, पण निदान सामानाखाली टाकणार नाही.

आता नीट ऐक, पाद्रीणबाई, हे दोनदा वाचा. पहिले तीन आठवडे तिला घराबाहेर सोडायचं नाही. बकरीचं दूध द्यायचं नाही, पोट बिघडतं. टोपलीत कोरडा खाऊ आहे. ईस्टरनंतर निवाऱ्याच्या तासूलाबाई स्वतः बघायला येतील, मांजर नीट आहे ना, त्याच घरात आहे ना. तसा नियमच आहे. तुझ्या वतीने कागदावर मी सही केलीय. तुझा शब्द म्हणून माझा शब्द दिलाय.

निवाऱ्यात तिला प्रिन्सेसा म्हणतात. तू हवं ते म्हण.

पुण्यतिथीचं माफ कर. ईस्टरला नक्की. बरण्या धुऊन ठेवल्यात, पाठवायच्या राहिल्या.

तुझी,
फोतिनी

*

२९ फेब्रुवारी

फोतिनी,

मांजर पोचलं. खातं.

ते कुणाचं आहे? तुझ्या निवाऱ्याच्या आधी कुणाच्या घरी होतं? त्या माणसाचं नाव लिही. तुला देताना कुणी काही म्हणालं का, हसलं का? आपल्या गावातल्या कुणाला तू सांगितलं होतंस का, की मांजर रोदांथीकडे जाणार आहे म्हणून?

एवढंच लिही.

आजी

*

७ मार्च

प्रिय आजी,

तुझं पत्र चार ओळींचं आणि त्यात एकही टोमणा नाही. बरी आहेस ना? तीन दिवस काळजीत होते.

आधीचं घर कुठलं ते कुणालाच ठाऊक नाही गं. तीन वर्षांपूर्वी तुमच्याच बाजूच्या रस्त्यावर सापडली, जिथे शुक्रवारी मेंढ्यांचा बाजार भरतो ना, तिथे, एका पाण्याच्या हौदापाशी. मेंढपाळांपैकी कुणाची असेल. आता तुझी.

गावात मी कुणाला कशाला सांगू? आणि हसेल कोण?

तिला काय नाव ठेवलंस? झोपते कुठे? उंदीर धरले का? सगळं लिही. इथे पोरींना वाचून दाखवायचंय.

फोतिनी

*

१७ मार्च

लाडके फोतिनी,

मांजर अगदी छान आहे. तिचं नाव मी कीरा ठेवलंय, म्हणजे बाईसाहेब, कारण बाईसाहेबांसारखीच बसते. आठवड्यात सहा उंदीर धरले. एक तर पाद्रीणबाईंच्या चपलेएवढा होता. मारून माझ्यासमोर आणून ठेवते आणि शाबासकी मिळेपर्यंत हलत नाही. तुझ्या आजोबांच्या उशीवर झोपते. मी तिला उठवत नाही, त्यांनाही कुठे उठवत होते. बकरीचं दूध एक थेंब दिलेलं नाही. दार बंद असतं.

तुझ्या मैत्रिणींना सांग, आजी खूश आहे. आणि त्या तासूलाबाईंना कळव, एवढ्या लांब डोंगर चढून यायची काही गरज नाही, वय झालं असेल त्यांचं. मांजर आहे, मी आहे, अजून काय बघायचं?

आजी

फोतिनी, आता मी एव्हान्थिया लिहितेय, स्वतःच्या मनाने. सत्तावीस वर्षं तुझी आजी जे सांगते ते मी लिहिते. पुतण्याच्या लग्नात तिने तब्येतीचं खोटं कारण सांगितलं तेही लिहिलं. पण हा उपवासाचा महिना आहे आणि मी पाद्रीबाबांची बायको आहे. या घरात मांजर नाही. मागच्या शुक्रवारी, दुपारी सगळं गाव झोपलेलं असताना, ती टोपली घेऊन मानूसोसच्या कुंपणाकडे गेली आणि टोपली रिकामी घेऊन परत आली. मी खिडकीतून पाहिलं. तुला ठाऊकच आहे, त्या घराशी ती तुझ्या जन्माआधीपासून बोलत नाही. मी विचारलं तर म्हणाली, "लिही मुकाट्याने." तुझ्या आजोबांच्या उशीचं ती सांगत होती ते लिहिताना मला रडू आलं, कारण ती उशीकडे बघून सांगत होती. पत्र मी तिला वाचून दाखवलं, पण हा भाग सोडून. तिला वाचता येत नाही याचा फायदा मी आजवर कधी घेतला नव्हता. मला त्याची लाज वाटते.

*

२४ मार्च

आजी,

मांजर कुठे आहे?

पाद्रीणबाईंवर रागावू नकोस. त्यांनी सांगितलं नसतं तर तासूलाबाईंनी सांगितलं असतं, आणि ते जास्त वाईट झालं असतं. पाद्रीणबाई, हे जसंच्या तसं वाचा, काही गाळू नका. एकदा गाळलंत तेवढं पुरे.

मीही तुझ्यापासून एक गोष्ट लपवली. या मांजरीला याआधी दोन घरांनी नेलं आणि दोघांनी परत आणून टाकलं. एकाने सोफा ओरबाडला म्हणून, एकाला बाळ झालं म्हणून. दुसऱ्या वेळी परत आली तेव्हा आठ दिवस भिंतीकडे तोंड करून बसली होती. मी तुला हे सांगितलं नाही, कारण तू म्हणाली असतीस, उरलेली मांजर मला का. मला वाटलं, तू कुणाला हाकलत नाहीस. अनोळखी फेरीवाल्यालाही जेवायला बसवतेस. तुझ्याकडून ती परत येणार नाही, एवढी एकच खात्री मला होती, म्हणून मी सही केली. आता तिसऱ्यांदा परत आली तर तिला पुन्हा कुणी नेणार नाही. पिंजऱ्यातच राहील.

जिथे असेल तिथून तिला शोध. गावात कुणाला विचारायचं झालं तर डाव्या कानाची खूण सांग, टोक सरळ कापलेलं आहे. निवाऱ्यातल्या सगळ्या मांजरांचं तसं कापतात. ऑपरेशन करून पिल्लं बंद केली की डॉक्टर गुंगीतच टोक काढतात, म्हणजे रस्त्यावर दिसली तरी लांबून कळतं, हिचं झालंय, हिला पुन्हा धरू नका. बाकी त्याला काही अर्थ नाही.

तू असं का केलंस ते मला समजत नाही. तेवढं तरी लिही.

फोतिनी

*

१ एप्रिल

फोतिनी,

पाद्रीणबाईंनी तुझं पत्र वाचलं. कानाचं वाक्य मी तीनदा वाचायला लावलं. मग एकदम हसू आलं आणि मग डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडात धरून बसले. त्या घाबरल्या, पाणी आणलं.

डॉक्टर. म्हणजे डॉक्टरने कापला.

आता मी सांगते ते त्या लिहितायत. मध्ये एकदा लेखणी थांबली, तर मी म्हटलं, लिहा, मांजरीचं खोटं लिहिलंत, आता खरं लिहायला हात का दुखतो.

मला आल्फा हे पहिलं अक्षरसुद्धा ओळखता येत नाही. पण तीनशे मेंढ्यांचा कळप समोरून गेला तर मी प्रत्येकीचा कान वाचून सांगायची, कुठली कुणाची. प्रत्येक घराची खूण वेगळी. आपली उजव्या कानाला मधोमध चीर. पाद्रीबाबांच्या वडिलांची दोन खाचा. आणि डाव्या कानाचं टोक सरळ उडवलेलं, ती मानूसोसच्या घराची.

तू टोपली पाठवलीस. मी झाकण उघडलं, आणि आत तो कान.

तुझा बाप दोन वर्षांचा होता त्या हिवाळ्यात मिरोनने, तुझ्या आजोबांनी, मानूसोसच्या दोन मेंढ्या चोरल्या. भुकेने नव्हे. भुकेने असत्या तर मी आज मान वर करून सांगितलं असतं. खालच्या गावाहून पाहुणे यायचे होते आणि मिरोनला मोठेपणा करायचा होता. आमच्या मेंढ्या गाभण होत्या, त्या कापवेनात. मेंढ्या घरी आल्या तेव्हाच मी कान पाहिले. काही बोलले नाही. कातडी त्याने दरीत टाकली, आणि कान माझ्या हातात दिले, कारण कान सापडले की सगळंच सापडतं. मी ते कोंबड्यांच्या खुराड्याखाली पुरले. मग रस्सा केला. चांगला झाला होता.

आणि ऐक. मानूसोसची बायको कालियोपी तेव्हा नुकती बाळंत झाली होती. बाळंतिणीला रस्सा द्यायचा असतो. मी एक ताट भरून पाठवलं. तिच्याच मेंढीचं. का पाठवलं हे मी स्वतःला एकोणपन्नास वर्षं विचारतेय. पाठवलं नसतं तर संशय आला असता म्हणून, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. ताट रिकामं परत पाठवायचं नसतं. तिने ते बदामांनी भरून पाठवलं. त्यांच्या झाडाचे, सोललेले, वर एक लिंबाचं पान ठेवलेलं.

आता कळलं का, मिठाई पाद्रीणबाईंनी का खाल्ली?

मानूसोसने सगळ्या गावासमोर मिरोनवर आळ घेतला. आपल्याकडे पुरावा नसला की शपथ असते. मिरोन चर्चमध्ये गेला, संत फानूरियोसच्या तसबिरीवर हात ठेवला आणि म्हणाला, मी नाही. संत फानूरियोस, जो हरवलेल्या वस्तू शोधून देतो! मी बायकांच्या बाजूला उभी होते. छातीवर क्रूसाची खूण केली. शपथ झाली म्हणजे आळ घेणारा खोटा. मानूसोसला मिरोनसमोर माफीचा हात पुढे करावा लागला, कॉफीच्या दुकानात सगळ्यांना राकी पाजावी लागली. तेव्हापासून गाव त्याला कानमोज्या म्हणतं, दुसऱ्यांच्या मेंढ्यांचे कान मोजत हिंडणारा. त्याच्या नातवालाही म्हणतात, आणि नातवाने आयुष्यात मेंढी पाळलेली नाही, तो बँकेत आहे.

म्हणून मी विचारत होते, कोण हसलं. मला वाटलं कुणाला तरी कळलं आणि त्याने मुद्दाम कापून पाठवलं. मग तू लिहिलंस, मेंढ्यांच्या बाजारात सापडली. मला वाटलं, हे माणसाचं काम नाही. हे कान खुराड्याखालून वर आलेत. ती माझ्याकडे बघायची ना, तर मला फक्त तेवढाच कान दिसायचा. मी मनाशी म्हटलं, ज्याचं आहे त्याला देऊन टाकावं. भर दुपारी त्याच्या कुंपणावरून सोडली. ती पळाली नाही. तिथेच बसून माझी वाट बघत राहिली, मी टोपली उचलून निघाले तरी. तू भिंतीकडे तोंड करून बसल्याचं लिहिलंस. माझ्याकडे पाठ केली असती तर बरं झालं असतं.

तुझं पत्र घेऊन मी काल त्याच्याकडे गेले. पत्र वाचता येत नाही, पण हातात असलं की बरं वाटतं. तो अंगणात खुर्चीवर, मांडीवर ती.

"काय पाहिजे बाई?" एकोणपन्नास वर्षांनी पहिला शब्द.

"मांजर."

"कुणाची?"

"माझी. माझ्या नातीने पाठवली."

तो हसला. दात एकही उरला नाही, पण हसतो अजून तसाच. "कान बघितलास? लोक कागद दाखवतात, हिचा कागद डोक्यावरच आहे. आपल्या पायाने चालत आली माझ्याकडे. गावाला दाखवलं मी. म्हटलं, बघा रे, माझं काही हरवलं तर देव खूण बघून परत आणतो."

मी निघून आले असते. पाय तयार होते. पण तो तिला सगळीकडे दाखवत फिरला होता गं, आणि गाव त्याच्या पाठीमागे काय म्हणालं असेल ते मला माहीत होतं.

मी म्हटलं, "हा कान डॉक्टरने कापलाय, मानूसोस. तुझ्या मेंढ्यांचे चार मी पुरले."

तो मांजरीच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. "कुठे?"

"खुराड्याखाली."

"आणि ते ताट?"

"त्यातलंच."

"कालियोपी त्या रश्श्याचं नाव काढायची," तो म्हणाला. "मरायच्या आठवड्यातही म्हणाली, वैर असो नसो, बाळंतपणात रस्सा रोदांथीनेच पाठवला होता."

फोतिनी, मला अजून काही पुरून ठेवायची जागा असती तर मी तिथेच स्वतःला पुरलं असतं.

शेवटी म्हणाला, "मला सांगून काय उपयोग? मला माहीतच होतं. मिरोनने जिथे सांगितलं तिथे सांग." आणि मांजर उचलून आत गेला.

मिरोनच्या नावाला जे लागेल ते तुझ्या बापालाही लागेल, तुलाही. कॉफीच्या दुकानात त्याचा फोटो आहे, लहानपणी तू उचलून घे म्हणायचीस बघायला. मी चर्चमध्ये उभी राहिले तर तो फोटो तिथे राहणार नाही. म्हणून तुला विचारते. परवानगी मागत नाही. पण विचारते.

आजी

*

६ एप्रिल

आजी,

पत्र दुकानात वाचलं, मग मागच्या गोदामात जाऊन पुन्हा वाचलं.

माझ्या मनात सगळ्यात आधी काय आलं ते सांगते. ईस्टरला मी गावात येणार, तेव्हा लोक माझ्याकडे कसे बघतील. तुझा नाही, मानूसोसआजोबांचा नाही, त्या मांजरीचाही नाही, माझा विचार आला. मग असंही आलं, की फक्त त्यांनाच सांगितलंस ना, ते पुरे नाही का, इतक्या वर्षांनी सगळ्या गावाला कशाला. असं तुला लिहायलाही बसले होते. तो कागद फाडला.

आजोबांनी मला चालायला शिकवलं त्या अंगणात. मला ते तसेच आवडतात. त्यांची लाज वाटते आणि आवडतातही, दोन्ही एकदम कसं करायचं मला येत नाही. तू कशी राहिलीस?

आणि तू एवढं सांगितलंस, तर मीही सांगते. नाताळला दुकान बंद होतं. मी घरीच होते. डोंगरात दोन दिवस काय करायचं, असं वाटलं. पुण्यतिथीलाही काम नव्हतं. तू "उंदीर" लिहिलंस तेव्हाच मला कळलं होतं, तुला मांजर नको होतं. मांजर पाठवणं सोपं होतं.

सांग तू. पण माझ्यासाठी थांब. ईस्टरच्या आधीच्या रविवारी, चोवीस तारखेला, मी येते. तुझ्या शेजारी उभी राहते. खरंच येते.

तासूलाबाईंना मी अजून काही बोललेले नाही.

फोतिनी

*

१९ एप्रिल

फोतिनी,

मी थांबले नाही. दहा तारखेलाच सांगून टाकलं. तू शेजारी असतीस तर मी तुझ्या आड उभी राहिले असते, लोकांनी तुझ्या बुटांकडे बघितलं असतं आणि मी पटकन दोन शब्दांत उरकलं असतं. मला माझी सवय ठाऊक आहे. शिवाय खरंच येते असं तू याआधीही लिहिलेलं आहेस. टोमणा परत आला, बघितलंस? म्हणजे मी बरी आहे.

प्रार्थना संपली. पाद्रीबाबांना मी आधी सांगून ठेवलं होतं, त्यांनी कुणाला जाऊ दिलं नाही. मी बायकांच्या बाजूने निघाले आणि संत फानूरियोससमोर गेले. एवढंसं अंतर, पण माझ्या काठीचा आवाज सगळं चर्च ऐकत होतं. मी हात तसबिरीवर ठेवला नाही. मिरोनने ठेवला होता, त्याच्यावर अजून एक हात कशाला. म्हटलं, "माझ्या नवऱ्याने इथे खोटी शपथ घेतली. मानूसोसच्या दोन मेंढ्या आम्हीच खाल्ल्या. कान मी पुरले. कानमोज्या म्हणायचं असेल तर यापुढे मला म्हणा, मोजले मीच होते. चार."

कुणीतरी मागून हसलं. चेहरा बघितला नाही, आवाज ओळखला, पण लिहीत नाही. पाद्रीणबाई खाली बघत होत्या. मानूसोसने टोपी घातली, चर्चमध्येच, आणि बाहेर गेला. माझ्याकडे वळूनही बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी कॉफीच्या दुकानात फोटो नव्हता. भिंतीवर तेवढा चौकोन पांढरा आहे, बाकी भिंत धुराने पिवळी. फोटो दुकानदाराने माझ्या ओट्यावर आणून ठेवला, काच खाली करून. मी तो आत घेतला. उशीवर ठेवलाय. त्याच्याशी अजून बोलणं झालेलं नाही. तू विचारलंस, दोन्ही एकदम कसं करायचं. मला येतं असं तुला कुणी सांगितलं?

आठवडाभर माझ्याकडे कुणी आलं नाही. पाद्रीणबाई आल्या, पण त्यांना पत्र लिहायचं असतं. पाणवठ्यावर बायका माझ्यासाठी जागा करून देतात, पूर्वीपेक्षा जास्त, म्हणजे लांब सरकतात. हे मला सोसायचंय, त्याबद्दल तक्रार नाही. फक्त सांगितलं.

मांजर त्याच्याकडेच आहे. तिने तिथे घर केलंय, मी तिला दुसऱ्यांदा उचलून आणणार नाही. तुझ्या तासूलाबाईंना येऊ दे. म्हाताऱ्या असल्या तरी येऊ दे. ज्या बाईने टाकली ती मी, हे मीच त्यांना दारात सांगेन, मग त्याच्या अंगणात घेऊन जाईन. कागदावर त्याचं नाव घाला. त्याला लिहिता येतं, सही करेल. पाचवं घर शोधायची पाळी तिच्यावर येणार नाही, हे तू बघ. एवढं माझ्यासाठी कर.

दुपारी मात्र ती माझ्या कोठीत येते. भिंतीवरून, स्वतःच. उंदीर धरते, माझ्याकडे बघते आणि परत जाते. आता मला तिचं तोंडही दिसतं. मिशीचा एक केस पांढरा आहे, बाकीचे काळे.

परवा तिच्यामागून तो आला. कुंपणापाशीच थांबला. म्हणाला, "ईस्टरला मेंढरू कापतोय. कान घरीच ठेवीन, बघायचा तर येऊन बघ. ताट पाठवू का?"

माफ केलं असं तो म्हणाला नाही. मी विचारलंही नाही. मला मान खाली घालूनच हो म्हणावं लागलं, आणि तो मी मान वर करते का बघत थोडा वेळ थांबला. केली नाही. मग गेला.

तू चोवीसला येतेस तर ये. पण हे तुझ्या हाती देत नाही, वाटेत विसरशील. गुरुवारच्या बसने आधी पाठव. मांजरीचा कोरडा खाऊ, दोन पिशव्या, एक त्याच्या घरी ठेवायला. त्याला दात नाहीत, म्हणून मऊ गोड पाव, तिळाचा नको. कोकरू अजिबात आणू नकोस, या घरात यंदा एकच मांस शिजेल आणि ते त्याच्याकडून येईल. माझ्या बरण्या रिकाम्या पाठव.

आणि बदाम. एक किलो. मोठे, सोललेले, न भाजलेले, न खारवलेले. बाजारात घेताना मूठभर चाखून बघ, एकही कडू निघता कामा नये. लिंबाचं पान माझ्या झाडाचं आहे.

आजी